विषय: पश्चिम शिकागोतल्या शाळेला देणगी

मंडळी, नमस्कार.
सभेत गरीब वस्तीतल्या एका खासगी शाळेला एकरकमी देणगी द्यायचा ठराव येतोय. माझी शंका अशी, की सरकारी शाळांसाठी आपण कर भरतोच. मग फी घेणाऱ्या शाळेला वेगळे पैसे का?

---

काका, नमस्कार.
प्रश्न रास्त आहे. पण त्याच भागातल्या वेस्टसाइड प्रेप या खासगी शाळेचं काय झालं ते आधी बघू या.

१९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर वेस्ट साइडला, म्हणजे शिकागोच्या पश्चिम भागात, दंगल पेटली, मॅडिसन स्ट्रीटवरची दुकानं जळाली. मागे राहिली ती ज्यांना जायला दुसरीकडे जागा नव्हती ती कुटुंबं. मार्व्हा कॉलिन्स यांनी १४ वर्षं सरकारी शाळांत शिकवलं होतं. १९७५ मध्ये त्यांनी स्वतःच्या पेन्शनमधले ५,००० डॉलर काढले आणि ही शाळा सुरू केली. पुढे ती गारफिल्ड पार्कमधल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भरायची. 'लर्निंग डिसेबल्ड' (शिकण्यात अक्षम) असा शिक्का बसलेली मुलंही त्यांनी घेतली. आधी अक्षरांचे उच्चार पक्के करून घ्यायचे, मग मोठ्यानं वाचन, मग थेट शेक्सपिअर आणि प्लेटो. बाई खुर्चीत बसायच्या नाहीत. बाकांमधून फिरत चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायच्या आणि मुलाला बजावायच्या, की तुला मी नापास होऊ देणार नाही. मला तरी यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

१९७९ मध्ये 'सिक्स्टी मिनिट्स' या टीव्ही कार्यक्रमानं शाळा देशभर पोचवली, दोन वर्षांनी टीव्हीवर चित्रपट आला. निकालांच्या दाव्यांवर १९८२ च्या सुमारास जोरदार टीकाही झाली, तेही सांगायला हवं. २००४ मध्ये बाईंना राष्ट्रीय मानव्यविद्या पदक मिळालं. आणि २००८ मध्ये शाळा बंद पडली: मुलं कमी झाली, पैसे पुरेनात. एवढं नाव होऊनही!

अशा शाळेत पालकांना झेपेल एवढीच फी ठेवावी लागते, शिक्षकांचा पगार तर दर महिन्याला द्यावाच लागतो. मधली फट देणगीदारच भरतात, आणि ते एका वर्षी आले नाहीत तर वर्ग बंद होतो. म्हणून माझा आक्षेप 'एकरकमी'ला आहे. तेवढीच रक्कम पाच वर्षांत विभागून, दरवर्षी शाळा उघडण्याआधी द्यावी.

---

ताई, हे पटलं. तशी दुरुस्ती तुम्ही मांडा, अनुमोदन मी देतो. खजिनदारांनी पहिला हप्ता जुलैअखेर निघेल का, तेवढं कळवावं.