मदत हवी आहे: सेजब्रशच्या झुडपांमधलं तीन पाकळ्यांचं जांभळं फूल कोणतं?

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत, आयडाहो राज्यात, बॉइसीला राहतो. घरामागूनच टेकड्या सुरू होतात. एप्रिल-मेमध्ये तिथे पिवळं बाल्समरूट फुलतं, ते आता ओळखता येतं: बाणाच्या आकाराचं, रुपेरी लव असलेलं पान आणि सूर्यफुलाच्या घाटाचं फूल. पण आता जून संपत आलाय. गवत वाळून गेलंय, मोज्यांत चीटग्रासची कुसळं घुसतात (आपल्या माळावर घुसतात तश्शीच), आणि अशा रखरखाटात परवा हे एकटं उभं दिसलं.

गुडघ्याएवढा सरळ, बारीक देठ. पेल्यासारखं फूल, तीनच पाकळ्या, रंग फिकट जांभळा. प्रत्येक पाकळीच्या पाठीवर मधोमध हिरवी रेघ. पाकळ्यांच्या फटींतून तीन चिंचोळी निदलं बाहेर आलेली, पाकळ्यांपेक्षाही लांब. बुडाशी पान नाही, देठावर गवतासारखी दोन-तीन, टोकाला वळलेली. आजूबाजूला नुसता सेजब्रश. त्याचं पान चुरगाळून वास घेतला की मला दवणाच आठवतो. दोघंही आर्टेमिसिया, म्हणजे नात्यातलेच. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग ज्योतिबाला वाहा की!"

मोबाइलमधलं अ‍ॅप सेगो लिली म्हणतंय. मला पटत नाही, ती पांढरी असते ना?

प्रतिसाद १
तुमची शंका रास्त आहे. सेगो लिली, म्हणजे युटाचं 1911 पासूनचं राज्यफूल, बहुधा पांढरीच असते, आतून बुडाशी पिवळी. तुमचं फूल तिच्याच कॅलोकॉर्टस प्रजातीतलं, पण सेजब्रश मॅरिपोसा (कॅलोकॉर्टस मॅक्रोकार्पस) वाटतंय. लांब निदलं ही मोठी खूण. नुसत्या हिरव्या रेघेवर जाऊ नका, तुमच्याकडच्या ब्रुनो मॅरिपोसालाही ती असते, मात्र पाकळ्या पांढऱ्या. खात्री हवी असेल तर पाकळीच्या आत, बुडाशी असलेली ग्रंथी बघा. गोल असेल तर सेगो किंवा ब्रुनो, त्रिकोणी किंवा बाणाच्या टोकासारखी असेल तर हीच. आणि कृपा करून उपटू नका. खाली कंद असतो, तो गेला की झाड गेलं.

मूळ प्रश्नकर्ती
उपटते कसली, हातही लावला नाही! आज सकाळी पुन्हा गेले, गुडघे टेकून आत डोकावले. ग्रंथी त्रिकोणी, केसाळ, वर गडद जांभळा पट्टा. म्हणजे मॅक्रोकार्पसच. आभार!

जाता जाता: दोन फुलं गळून तिथे उभ्या, टोकदार शेंगा धरल्यात. पिकल्यावर बी पडेल तेव्हा त्याच जागी पुढच्या वर्षी फूल दिसेल का, की थांबावं लागेल?

प्रतिसाद २
थांबावं लागेल. बियापासून फुलापर्यंत यायला या लिलींना काही वर्षं लागतात. पण जुना कंद तिथेच आहे, पुढच्या जूनमध्ये चक्कर मारा.