जिल्हा जलरंग संस्था : घटनेत ‘जलरंग’ म्हणजे नेमकं काय लिहायचं?

प्रश्न (कोकणकिनारा)
रत्नागिरीतले ऑन द स्पॉट निसर्गचित्रं करणारे आम्ही काही जण संस्था नोंदवतोय. गाडी ‘माध्यम’ या कलमावर अडली आहे. गौश (अपारदर्शक जलरंग), पोस्टर कलर, ॲक्रिलिक घ्यायचं की फक्त पारदर्शक? वार्षिक प्रदर्शनाच्या अटीही सुचवा.

ओलाकागद
हा वाद जुनाच आहे. लंडनची जलरंग संस्था १८०४ साली निघाली, कारण रॉयल अकादमीच्या भिंतींवर तैलचित्रांच्या गर्दीत जलरंग मार खात. पुढे विक्री घटली तशी १८१२ मध्ये त्यांनी तैलरंगालाही दार उघडलं आणि १८२० मध्ये पुन्हा बंद केलं. आपल्याकडे हळदणकरांसारखा जलरंगाचा उस्ताद १९१८ च्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांत होता, पण ती संस्था सगळ्याच माध्यमांची. तुम्हाला यातलं काय व्हायचंय ते आधी ठरवा. माझं मत : ‘कागदावर, पाण्यात मिसळणारे रंग’ एवढं घटनेत घाला आणि पारदर्शक चित्रांचं बक्षीस वेगळं ठेवा. गौशला बाहेर काढलंत तर पांढऱ्याचा एक ठिपका दिसला तरी परीक्षक भांडत बसतील.

कलम१२
नोंदणीला किमान सात सभासद लागतात. आपल्याकडे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था आणि १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास, दोन्ही नोंदी धर्मादाय कार्यालयातच होतात. वर्ग, शिष्यवृत्ती, चित्रविक्री हे सगळं उद्देशांत आत्ताच लिहा. नंतर उद्देश बदलायचा तर महिन्याच्या अंतराने दोन विशेष सभा आणि दोन्हींत तीन पंचमांश मतं लागतात. माध्यमाची व्याख्या मात्र उद्देशांत न घालता नियमावलीत ठेवा, म्हणजे ती बदलायला एवढी यातायात नको.

माउंटवाला
प्रदर्शनाच्या अर्जातच छापा : ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कॉटन कागद, आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), काच आणि चित्र यांच्यात फट. काचेला चिकटलेल्या चित्रावर कोकणच्या दमटपणात बुरशीचे ठिपके उठतातच. डबल टेपने चारही कडा चिकटवलेलं चित्र घेऊ नका. कागद ओल पिऊन फुगतो, कडा सुटत नाहीत, मग मधे लाटा उठतात. शिवाय टेपचा पिवळा डाग जात नाही. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या, पुरतात. मागे हार्डबोर्ड थेट टेकवू नका, मधे आम्लविरहित पुठ्ठा हवा.

उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास, म्हणजे मंदच ठेवा. ऑपेरा रोझ हा गुलाबी आणि खरं अलिझरिन हा लाल (ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक पीआर ८३) उजेडात उडतात, विकायच्या चित्रात ते नकोतच. आणि जून ते सप्टेंबर हॉल फुकट मिळाला तरी घेऊ नका.