मदत हवी आहे: ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या घरातल्या बाळाचा आहार कुठून मिळवायचा?

नमस्कार मंडळी,

मी धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर शिक्षक आहे. दिवाळी सरली की आमच्याकडची कितीतरी घरं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच खाऊन झालेली असते, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच नसतो. परततात ती होळीला, काही तर त्याहून उशिरा.

गेल्या आठवड्यात दोन विद्यार्थी परत येतात का बघायला बारडोलीकडच्या एका पडावावर गेलो होतो. (पडाव म्हणजे शेताकडेची खोपटांची वस्ती.) पोरं आली नाहीत. कशी येणार? आईबाप पहाटे चारला फडात जातात आणि आठ वर्षांची बहीण अकरा महिन्यांच्या भावाला कडेवर घेऊन दिवस काढते. दुपारी त्याला सकाळची भाकर पाण्यात कुस्करून. आमच्या अंगणवाडीताईंनी दिलेली दंडघेराची पट्टी खिशात होती. बाळाचा दंड भरला 11.2 सेंटिमीटर. लाल.

घरात माणसं सात, रेशनकार्डावर नावं पाच. धाकटी दोन नाहीत. हे बाळ तर गेल्या हंगामात पडावावरच जन्मलं, जन्मदाखला नाही. तिथल्या रेशन दुकानात बापाने अंगठा लावला तर या महिन्याचं धान्य उचललेलं दिसलं, कारण गावी आजीने सगळे 25 किलो आणले होते. जवळच्या अंगणवाडीत सांगितलं, ‘तुमची नोंद महाराष्ट्रात, इथे दिलं तर दुबार होईल.’ बाळ गावी असतं तर निदान घरपोच आहार मिळाला असता, आणि अमृत आहार योजनेतून आठवड्याला 4 दिवस अंडं नाहीतर केळं.

कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा. आधी काय करू?

निवृत्त पर्यवेक्षिका:
सर, आधी बाळ, मग कागद. दंड 11.5 च्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. आजच फोन करून त्याला तिथल्या सरकारी दवाखान्यात न्यायला लावा. पायावर अंगठा दाबून खड्डा राहतो का, ताप आहे का, खायला दिलं तर खातंय का, हे विचारा. खात नसेल किंवा सूज असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावंच लागेल, साधारण 14 दिवस. त्याला रेशनकार्ड लागत नाही. आईची मजुरी बुडते म्हणून घरचे नाही म्हणतील. भरती असताना आईला बुडीत मजुरीपोटी थोडे पैसे देण्याची सोय असते, ते आधीच विचारून ठेवा.

दुबार नोंदीचं मात्र खरं नाही. पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप) स्थलांतराची सोय आहे, लाभार्थी एका अंगणवाडीतून दुसरीत हलवता येतो. बाळाचं आधार लागत नाही, आईचं चालतं. तुमच्या सेविकेनं तिकडच्या सेविकेशी थेट बोलावं, निम्मं काम तिथेच होतं. तिकडे सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना ‘बालशक्ती’ आहाराची पाकिटं मिळतात.

पुरवठ्यातला एक:
धान्याचं सोपं आहे. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात 2019 च्या ऑगस्टपासूनच एकमेकांचं कार्ड चालतं. पण कोटा एकच असतो, जो आधी अंगठा लावेल त्याचा. आजीला सांगा, महिन्याला आपल्यापुरते 5 किलो उचल, बाकीचे 20 तिकडे राहू दे. थोडं इथे, थोडं तिथे घेता येतं. मूळ कार्ड न्यायची गरज नाही, कार्डाचा नंबर आणि आधार पुरे. दुकानदार अडला तर 14445 या मदत क्रमांकावर फोन करा.

गंमत्या:
रोजगार हमी असताना जातातच कशाला?

धागाकर्ता:
उचल फेडायला, साहेब. हमीची मजुरी खात्यात येईपर्यंत मुकादम थांबत नाही.

तालुक्याचा वकील:
दाखला जन्म झाला तिथेच मिळणार, म्हणजे गुजरातेत. धडगावला फेऱ्या मारू नका. एक वर्ष पूर्ण व्हायच्या आत अधिकाऱ्याची परवानगी आणि स्वसाक्षांकित कागद यावर नोंद होते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. अकरा महिने झालेत म्हणता, म्हणजे हातात जेमतेम महिना. दाखला आला की त्याच्या आधारे कार्डात नाव, मग त्याचे वेगळे 5 किलो.

धागाकर्ता:
महिन्याचं लक्षातच आलं नव्हतं. बाळाच्या मामाशी बोललो, पायावर खड्डा राहतोय म्हणाला. उद्या पहाटे मामासोबत निघतो, शाळेत रजेचा अर्ज टाकलाय. आजीचा अंगठा पुढच्या महिन्यापासून 5 किलोवरच, तिने मान्य केलंय, जरा कुरकुरत.

एकच अडचण उरली. तिकडच्या सेविकाबाईंना मराठी कळत नाही आणि माझी गुजराती एसटी स्टँडपुरती. ‘या आईची आणि दोन मुलांची नोंद ट्रॅकरवर तुमच्या अंगणवाडीत घ्या’ एवढं आज रात्रीपर्यंत कुणी गुजरातीत लिहून देईल का?