लॅपटॉप कुठला घेतला आणि पुढं काय झालं? सांगली-मिरजकरांनो, अनुभव सांगा

भाचीला सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला प्रवेश मिळालाय. बजेट ६५ हजार. गेले दोन रविवार सांगलीतली दुकानं पालथी घालतोय. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य ऐकतो, "आय फाईव्ह आहे साहेब, डोळे झाकून घ्या." डेल, एचपी, लेनोवो, एसस, एसर सगळे टेबलावर ओळीनं मांडलेले, सगळ्यांवर तेच स्टिकर, आणि किमतीत मात्र वीस हजारांचा फरक. हा फरक नेमका कशाचा, ते वापरणाऱ्यांकडून ऐकायचंय. कितीला घेतला, कशासाठी, बिघडल्यावर कुठं पळालात, सगळं लिहा. तक्रार असेल तर कंपनीचं नाव गाळा, नाहीतर इथं कुस्त्या लागतील.

कुपवाड एमआयडीसी, डिझाइनचं काम

दादा, स्टिकर सोडा. आय फाईव्ह हे इंटेलच्या प्रोसेसरचं, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूचं, नुसतं घराण्याचं नाव. पुढच्या नंबरातलं शेवटचं अक्षर बघा. आय फाईव्ह १२३५यू आणि आय फाईव्ह १२४५०एच, दोन्ही बाराव्या पिढीचे. दुकानदार पहिल्याचे १० कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) मोजून दाखवतो आणि दुसऱ्याचे ८. पण त्या दहात दांडगे दोनच, बाकीचे आठ हलक्या कामाचे. एचमध्ये चार दांडगे. यू १५ वॉटवर चालायला बनवलाय, एच ४५ वर. ऑफिसात दोन्ही आहेत. मोठी असेंब्ली (सगळे सुटे भाग जोडलेलं डिझाइन) उघडली की यूवाल्यासमोर बसलेला माणूस चहा पिऊन येतो.

ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. आरटीएक्स ३०५० एवढंच विचारू नका, किती वॉटचं ते विचारा. लॅपटॉपमधलं हेच कार्ड ३५ पासून ८० वॉटपर्यंत मिळतं, नाव तेच. पातळ, देखण्या मॉडेलात बहुधा कमी वॉटचं असतं. माझा सव्वादोन किलोचा आहे, चार्जरची वीट वेगळी. लाईट गेली की दीड तासात मान टाकतो. भाचीला रोज बसनं जायचं असेल तर हेही धरा.

मार्केट यार्ड, हळदीची अडत

आमचं काम टॅली आणि जीएसटी, एवढंच. ४२ हजारांत घेतलेला, दीड वर्ष छान चालला. मग आवाज यायला लागला, रिक्षा सुरू केल्यासारखा, आणि बिलं काढता काढता आपोआप बंद पडायचा. गणपती पेठेत एका पोराकडं नेला. त्यानं खालचा पत्रा उघडला आणि हसायलाच लागला. पंखा पिवळाधमक! पात्यांवर हळदीचा थर, आणि गरम हवा बाहेर पडायची जाळी तर नुसती लिंपलेली. ब्रशनं खरवडलं, ब्लोअर मारला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवीन लावली. ५०० रुपये. टेबलावर चिमूटभर हळद पडली होती, ती त्यानं कागदात बांधून दिली. म्हणाला, "काका, सौदा लावा."

आता दर सहा महिन्यांनी साफ करून आणतो. सौद्याच्या वेळी लॅपटॉप काचेच्या केबिनमध्ये. मुलगा म्हणतो बिनपंख्याचं मॅकबुक एअर घ्या, पण टॅली त्यावर सरळ चालत नाही. विषय संपला.

माधवनगर, लग्नाचे फोटो-व्हिडिओ

काका, ते बिनपंख्याचं माझ्याकडं आहे. २०२० च्या नोव्हेंबरात आलेलं एम१ एअर, ८ जीबी. चार्जर घरी ठेवून कार्यालयात जातो, दिवस निघतो. पण मेमरी (रॅम) चिपसोबतच बसवलेली, नंतर वाढवायचा प्रश्नच नाही. फाइली साठवायची २५६ जीबी जागा दोन लग्नांत भरते, म्हणून साठवणीची बाहेरची एसएसडी कायम खिशात.

स्क्रीनबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून सांगतो. आधीच्या स्वस्त लॅपटॉपवर '४५ टक्के एनटीएससी' पॅनेल होतं, म्हणजे थोडेच रंग दाखवणारं. रंग धुतलेले. हळदी समारंभाचे फोटो त्यावर बघून पिवळा चढवला, छापून आल्यावर नवरी काविळीची वाटत होती. आल्बम पदरमोड करून पुन्हा छापला. '१०० टक्के एसआरजीबी' (हे रंगांचं प्रमाणित माप) लिहिलेलं असेल तरच घ्या. मेकॅनिकलवाल्यांना कदाचित नसेल एवढं महत्त्वाचं.

मिरज, कर सल्लागाराकडं काम करते

मी नवीन घेतलाच नाही. थिंकपॅड टी४८०, २०१८ चं मॉडेल, कंपनीतून निघालेला, पुण्याहून २१ हजारांत. दोन बॅटऱ्या, एक आत आणि एक मागून काढता येणारी. चालू असतानाच मागची बदलायची. रॅमच्या दोन्ही खाचा सहज हाताला येतात. ८ ची १६ मी स्वतः केली, स्क्रू ठेवायला चहाची बशी घेतली होती. इंटेलची आठवी पिढी असल्यानं विंडोज ११ चालतं. त्याआधीची पिढी सेकंडहँड घेऊ नका, विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्येच संपलाय. आमच्या ताईंनी स्वस्तात मिळाला म्हणून सहाव्या पिढीचा आणला, आता नुसता बघत बसल्यात.

तासगाव, शिक्षक

रायझनचे, म्हणजे एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचे, नंबर वाचायला शिका. ७५२०यू आणि ७५३०यू, दोन्हींवर रायझन ५ लिहिलेलं. ७००० च्या मालिकेत तिसरा आकडा रचना सांगतो. २ असेल तर झेन २ म्हणजे जुनी, ३ असेल तर झेन ३. पहिल्यात कोर ४, दुसऱ्यात ६. शिवाय ७५२०यूची रॅम बोर्डवरच डकवलेली असते. दुकानदारानं मला "लेटेस्ट सेव्हन थाउजंड" म्हणून ७५२० पुढं केला होता. पोरांना दशमान स्थानं शिकवतो, म्हणून आकड्यांकडं लक्ष गेलं बहुतेक.

विश्रामबाग

थोडक्यात. बिजागरी तुटली, वॉरंटीत होती. 'ती तुमच्या हातून तुटली' असं उत्तर. कोल्हापूरला दोन खेपा, अकरा दिवस, शेवटी पैसे भरूनच. घेताना घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी आहे का, आणि सांगलीच्या पिनकोडला ती लागू आहे का, एवढं लिहून घ्या.

धागा काढणारा

सगळ्यांचे आभार. काल घेतला. १२४५०एच, ३०५०, ६७ हजार. दुकानातच चालू करायला लावला आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरी उघडली. 'दोनपैकी एक खाच वापरात' असं दिसलं. दुकानदार म्हणाला, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?" ५१२ ची एसएसडी ४७६ दाखवते म्हणून भाची भांडायला निघाली होती, तिला हिशेबातला फरक समजावला, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. ग्राफिक्स कार्डाचे वॉट विचारले तेव्हा दुकानदारानं कंपनीला फोन लावला. ७५ निघाले. बजेट दोन हजारांनी गेलंच, त्यामुळं रॅमची दुसरी स्टिक दिवाळीनंतर. मिरजेच्या ताई, तेव्हा बशी घेऊन तुमच्याकडंच येतो.