मदत हवी आहे: गाडीची नंबर प्लेट चोरीच्या वाहनाशी चुकीची जुळली आणि पोलिसांनी अडवलं, तर कोणतं रेकॉर्ड मागायचं?

कोलोरॅडोतल्या आपल्या मंडळींसाठी माहितीपत्रक बनवतोय. ऑरोरात 2 ऑगस्ट 2020 ला पोलिसांनी बंदुका रोखून एक बाई आणि चार मुलींना गाडीतून उतरवलं, पोरींना पार्किंगमध्ये पालथं झोपवलं. सगळ्यात धाकटी सहा वर्षांची! गाडीचा नंबर चोरीच्या वाहनाच्या नंबराशी जुळला होता, पण चोरीची होती माँटाना राज्यातली मोटरसायकल. राज्य आणि वाहनप्रकार ताडून पाहिलाच नाही. 2024 मध्ये 19 लाख डॉलरवर तडजोड झाली.

गैरवर्तनाची तक्रार असेल तर बॉडी कॅमेऱ्याचं फुटेज मागितल्यावर 21 दिवसांत देणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. मला अडलंय ते प्लेट-रीडरची (नंबर प्लेट आपोआप वाचणाऱ्या कॅमेऱ्याची) नोंद आणि डिस्पॅचचं (पोलिसांच्या नियंत्रण कक्षाचं) ध्वनिमुद्रण यांपाशी. ते पुसलं जाऊ नये म्हणून लगेच पाठवायच्या पत्राचा मसुदा कुणाकडे आहे का? कृपया द्या.