जपानी खरोखरच जर्मनपेक्षा अवघड आहे का?

प्रश्न (जळगाव): घरी अहिराणी आणि शाळेत मराठी बोलत वाढलेल्या माझ्या मुलीला जपानी शिकायची आहे, परंतु ती जर्मनपेक्षा फार अवघड असल्याचे सगळे सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर (धुळे): ते मत मुख्यतः इंग्रजी भाषकांचे आहे. जपानीत मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी येते आणि ‘घरात’मधल्या ‘त’सारखे प्रत्यय नामाच्या मागून लागतात, त्यामुळे वाक्यरचना आपल्याला परकी वाटत नाही. खरी कसोटी लिपीची आहे: नित्य वापराची २१३६ कांजी (चिनी लिपीतून आलेली) चिन्हे, त्यांतील अनेकांचे उच्चार एकाहून अधिक.

उत्तर (नंदुरबार): जर्मनमध्येही मराठीसारखी तीन लिंगे आहेत, मात्र तिथे ‘मुलगी’ नपुंसकलिंगी आहे, म्हणून लिंगे पाठच करावी लागतात.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. कांजी गिरवण्यापासूनच सुरुवात करू.