मदत हवी आहे : आईसोबत बघायला मन हलकं करणारे सिनेमे सुचवा

मंडळी, वडील गेल्यापासून आईचं कशातच मन लागत नाही. आम्ही अमळनेरकडचे. रात्री जेवणं आटोपली की दोघी मोबाईलवर सिनेमा लावून बसतो. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) बघताना ती किती दिवसांनी खळखळून हसली! अशोक सराफ दिसले की तिचा चेहराच खुलतो. ‘धूमधडाका’ (१९८५) आणि ‘गंमत जंमत’ (१९८७) पण बघून झाले. ‘श्वास’ (२००४) मला फार आवडतो, पण आजारपण, दवाखाना असलेलं सध्या नकोच.

असे साधे, घरगुती सिनेमे सांगा ना. हिंदीही चालतील. अहिराणीत स्वच्छ विनोदाचं काही असेल तर आधी तेच सांगा; आपली बोली कानावर पडली की ती स्वतःहून बोलायला लागते.